आधी हात बंड करतो

तुमच्या कादंबरीतल्या राज्यात शोक करायला बंदी आहे. घरात कुणी गेलं की तीन दिवसांत त्याची झाडून सगळी चीजवस्तू सरकारजमा करायची आणि त्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. नायक त्याच खात्यात कारकून आहे. आलेल्या वस्तू नोंदवहीत चढवायच्या, हे त्याचं काम. भाऊ गेल्यावर तो पेटून उठतो आणि शेवटच्या प्रकरणात सरकारी प्रक्षेपणाचा मनोरा उडवून देतो. पहिल्या खर्ड्यात मनोऱ्याबरोबर सरकारही कोसळलं, तेव्हा वाचणारे हसले. दुसऱ्या खर्ड्यात नायक पकडला जाऊन संपला, तर तेच लोक म्हणाले, मग एवढं वाचलं कशाला? आता तुम्ही मला विचारताय की एकट्या माणसाचं बंड जिंकवायचं की हरवायचं.

22 वर्षं मी कादंबऱ्यांची हस्तलिखितं तपासते आहे आणि जुलमी राजवटींच्या कादंबऱ्या त्यात भरपूर येतात. हा प्रश्न त्यातल्या निम्म्या लेखकांनी विचारलेला आहे. माझं उत्तर दरवेळी तेच असतं: शेवट बाजूला ठेवा. घोडं शेवटात पेंड खात नाहीये, मनोऱ्यात खातंय. तुमच्या सरकारने माणसांकडून रडणं काढून घेतलं, आणि तुमचा नायक मनोरा पाडतोय. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? मनोरा कुठल्याही कादंबरीत पडू शकतो. तुमच्या कादंबरीतलं बंड तुमच्याच कादंबरीत होऊ शकलं पाहिजे.

या प्रकारातल्या ज्या कादंबऱ्या टिकल्या, त्यांत पहिलं बंड म्हणजे काय असतं ते बघा. 1949 साली आलेल्या ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मध्ये नायक विन्स्टन एक वही उघडतो, बस. जुन्या सामानाच्या दुकानातून अडीच डॉलरला घेतलेली, गुळगुळीत पिवळट कागदाची वही. ऑर्वेल तिथे कंसात एक भयंकर वाक्य टाकून पुढे जातो: रोजनिशी लिहिणं बेकायदा नव्हतं, कारण मुळात कायदेच उरले नव्हते. पण सापडली तर मरण, नाहीतर किमान 25 वर्षं सक्तमजुरी. आता तो लिहायला बसतो, आणि त्याला लिहिताच येत नाही. हाताने लिहायची सवय मोडलीय, कार्यालयात सगळं यंत्राला सांगून लिहून घ्यायचं असतं. टाक टेकवल्यावर कळतं की सांगण्यासारखंही काही सुचत नाहीये. शेवटी तो आदल्या रात्री पाहिलेल्या युद्धपटाबद्दल काहीबाही खरडतो, विरामचिन्हांचाही पत्ता नाही. नव्या लेखकाच्या हस्तलिखितात याच जागी जळजळीत जाहीरनामा असता. ऑर्वेलला ठाऊक होतं की ज्या माणसाची भाषाच कुरतडली गेलीय, त्याला जाहीरनामा सुचणार नाही.

आणि मग थोड्या वेळाने, मन भलतीकडे गेलेलं असताना, विन्स्टनला दिसतं की आपला हात आपोआप लिहीत होता. ठळक अक्षरांत, पुन्हा पुन्हा, ‘बिग ब्रदर मुर्दाबाद’. बिग ब्रदर म्हणजे त्या राज्याचा सर्वसत्ताधीश. त्याने ठरवलं नव्हतं, हाताने लिहिलं.

हा योगायोग म्हणून सोडून दिला असता. पण 1953 च्या ‘फॅरेनहाइट 451’मध्ये ब्रॅडबरी अगदी हेच करतो. माँटॅग हा पुस्तकं जाळणाऱ्या पथकातला माणूस. एका म्हाताऱ्या बाईच्या घरी पुस्तकांचा ढीग रचणं चालू आहे, वरून पुस्तकं कोसळतायत, आणि त्याचा हात एक पुस्तक काखेत दडवतो. मी काहीच केलं नाही, सगळं हातानेच केलं, असं त्याला वाटतं. ती बाई घराबाहेर यायला नकार देते आणि स्वतःच काडी ओढते. तिला आपण काय करतोय ते नीट माहीत आहे. माँटॅगला अजून काहीच माहीत नाही. दोन बंडं एकाच खोलीत आहेत, एक पिकलेलं आणि एक नुकतं उगवलेलं. कादंबरी उगवणाऱ्याबरोबर जाते, कारण त्याच्यापुढे रस्ता आहे.

दडपशाहीत वाढलेल्या माणसाकडे बंडासाठी शब्दच नसतात. त्याला आपल्याला काय होतंय हे कळत नाही, म्हणून ते आधी हातात उतरतं. या प्रकाराची पायवाट जिने पाडली त्या झाम्यातिनच्या ‘आम्ही’ या कादंबरीत तर नायक बंडाला आजारच समजतो. डी-503 हा अंतराळयान बांधणारा गणिती. तो वही लिहायला घेतो तीच मुळी राज्याची स्तुती करायला. यानातून ती परग्रहावर जायची असते. मग तो प्रेमात पडतो, स्वप्नं पडायला लागतात, झोप उडते, आणि तो डॉक्टरकडे जातो. डॉक्टर सांगतो, परिस्थिती गंभीर आहे, तुमच्यात आत्मा तयार झालेला दिसतो. हा विनोद आहेच, पण तो विनोद फक्त त्या राज्यातच होऊ शकतो. (ही कादंबरी 1920-21 मध्ये रशियन भाषेत लिहिली गेली, पण 1924 साली न्यू यॉर्कमध्ये आधी इंग्रजीत छापली गेली, आणि लेखकाच्या देशात ती छापायला 1988 उजाडलं. लेखकाने 1931 साली खुद्द स्टालिनला पत्र लिहून देश सोडायची परवानगी मागितली आणि ती मिळाली, हे त्यातल्या त्यात आश्चर्य. 1937 मध्ये तो पॅरिसला वारला.)

तुमचा नायक मात्र तिसऱ्याच प्रकरणात मित्राला सांगतो की, ‘ही व्यवस्था आपल्या भावना मारते आहे.’ अहो, हे त्याला कसं कळलं? शोक हा शब्दच ज्या राज्यात पुसलाय, तिथे वाढलेला माणूस आहे ना तो? भाऊ गेल्यावर त्याला छातीत काहीतरी अडकल्यासारखं वाटेल, तो दवाखान्यात जाईल, औषध घेईल, बरं वाटणार नाही. हे लिहा. ते वाक्य काढा. हस्तलिखितात अशी सातआठ वाक्यं मी पेन्सिलीने खुणा करून ठेवलीत. ती सगळी तुमची आहेत, त्याची नाहीत.

आता हरण्याजिंकण्याचं. ‘आम्ही’चा शेवट सगळे लक्षात ठेवतात: डी-503 वर शस्त्रक्रिया करून त्याची कल्पनाशक्ती काढून टाकतात, आणि जिच्यावर त्याचं प्रेम होतं त्या बंडखोर आय-330 चा छळ तो थंडपणे बघत बसतो. संपूर्ण पराभव. पण त्याच कादंबरीत ओ-90 नावाची एक गोल गुबगुबीत बाई आहे, जिच्याकडे नायक आणि वाचक दोघेही फारसं लक्ष देत नाहीत. मातृत्वासाठी ठरलेल्या मापापेक्षा तिची उंची 10 सेंटिमीटर कमी, म्हणून तिला मूल होऊ द्यायला बंदी. शिक्षा काय ते ठाऊक असूनही ती डी-503 कडे मूल मागते. आणि शेवटी तीच पोटातल्या बाळासह, राज्याला वेढणाऱ्या हिरव्या भिंतीपलीकडे निसटते. आय-330 क्रांती करायला निघाली होती. ओ-90 ला फक्त एक मूल हवं होतं. राज्याने तिच्याकडून जे काढून घेतलं होतं, नेमकं तेच तिने परत घेतलं. मोठं बंड मोडलं आणि लहान बंड भिंतीपलीकडे जन्माला आलं. लेखक त्यावर एक अक्षर भाष्य करत नाही, कारण सांगणारा डी-503 आहे आणि त्याला आता काही जाणवतच नाही.

म्हणजे हरवायचं की जिंकवायचं असा प्रश्नच नसतो. कुणाचं बंड कशात मोजलं जातंय, हा असतो.

तरीही तुमची शंका मला दिसतेय: एकट्याच्या लहानशा कृतीने होतं काय? खऱ्या इतिहासातलं एक जोडपं सांगते. बर्लिनमधले ओटो आणि एलिझे हांपेल, अगदी साधी कामकरी माणसं. 1940 मध्ये एलिझेचा भाऊ लढाईत मारला गेला. त्यानंतर दोन वर्षं ही दोघं हिटलरविरोधी मजकूर हाताने पोस्टकार्डांवर लिहून इमारतींच्या जिन्यांत ठेवत राहिली. 200 हून जास्त कार्डं. त्यातली बहुतेक सापडणाऱ्यांनी घाबरून थेट पोलिसांना नेऊन दिली. 1943 च्या एप्रिलमध्ये दोघांना मृत्युदंड झाला. हिशेब मांडला तर हाती शून्य. पण ती कार्डं पोलिसांनी जपून फायलीत लावली, युद्धानंतर ती फाईल जर्मन कादंबरीकार हान्स फालाडाच्या हाती आली आणि 1947 साली त्यावर कादंबरी आली. राजवटीनेच बंडाचं दप्तर सांभाळून ठेवलं! तुमचा नायक नोंदी करणारा कारकून आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. दप्तर ही फार उपयोगी चीज आहे. ते दोन्ही बाजूंनी बोलतं.

ॲटवुडच्या ‘द हँडमेड्स टेल’मध्ये (1985) लहान कृती किती लहान असू शकते बघा. राजवटीने मुलं जन्माला घालायला जुंपलेल्या ऑफ्रेडला अंगाला लावायला काही मिळत नाही, तेव्हा ती जेवणातला लोण्याचा तुकडा बुटात लपवते आणि रात्री तोंडाला-हातांना चोळते. त्वचा मऊ ठेवायची, कारण आपण कधीतरी इथून सुटू, असा त्याचा अर्थ. याच पुस्तकात मोइरा ही धडाडीची मैत्रीण आहे. संडासच्या टाकीतला दांडा काढून, तो शस्त्रासारखा रोखून, पहारेकरणीचे कपडे घालून ती पळते. वाचकाला वाटतं, खरी नायिका हीच. पुढे ती सापडते तेव्हा बड्या अधिकाऱ्यांच्या कुंटणखान्यात असते, आणि हे काही इतकं वाईट नाही, असं म्हणते. मला त्या प्रसंगात मोइराच्या तोंडची चेष्टामस्करी सगळ्यात जास्त बोचते. लोण्यावाली मात्र आपली कहाणी कॅसेटवर सांगून ठेवते. आणि मग पुस्तक संपलं असं वाटत असताना 2195 सालातली एक विद्वत्परिषद येते. त्या कॅसेटी सापडलेल्या असतात, म्हणजे ती राजवट केव्हाच गेलेली. प्राध्यापक महाशय व्यासपीठावरून कोट्या करतात आणि हळहळतात की, या बाईच्या गोष्टीऐवजी तिच्या साहेबाच्या संगणकातली वीसेक पानं मिळाली असती तर किती बरं झालं असतं. राजवट हरली, पण ऑफ्रेडला कुणी ऐकलं का? हरणं आणि जिंकणं एकाच प्रकरणात, आणि दोन्ही अर्धवट.

आता तुमच्या हस्तलिखितातली दुसरी मोठी अडचण. तुमचं सरकार मठ्ठ आहे. पहारेकरी झोपतो, साहेबाला काही कळत नाही, मनोऱ्याची किल्ली खुंटीला टांगलेली. सरकार मठ्ठ असेल तर बंडखोर शूर कसा ठरेल? विन्स्टनने वहीच्या पुठ्ठ्यावर धुळीचा एक पांढरट कण ठेवलेला असतो, कुणी हात लावला तर कळावं म्हणून. पुढे कोठडीत त्याला उमगतं की सात वर्षं आपल्यावर नजर होती, आणि वही उघडून वाचल्यावर तो धुळीचा कणसुद्धा त्यांनी पुन्हा जागच्या जागी ठेवला होता. त्या एका कणाने जेवढी भीती वाटते तेवढी छळाच्या दहा पानांनी वाटत नाही. शिवाय ती वही विकणारा दुकानदारच पोलिसांचा निघतो. बंडाची हत्यारं राजवटीच्याच बाजारातून येतात, हेही त्यात आलं.

याच्या अगदी उलटी बाजू हक्स्लेच्या 1932 च्या कादंबरीत आहे, तिथे छळ नाहीच, सुख आहे. ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये जॉन हा बाहेरून आलेला तरुण कामगारांना वाटायच्या सुखाच्या गोळ्या खिडकीबाहेर फेकतो आणि ओरडतो, मी तुम्हाला स्वतंत्र करायला आलोय. ज्यांना सोडवायचं तेच त्याच्यावर तुटून पडतात. पोलीस येतात ते काठ्या घेऊन नाही. तेच औषध फवाऱ्याने हवेत सोडतात आणि ध्वनिमुद्रित आवाजात प्रेमाने समजूत घालतात. कामगार एकमेकांच्या गळ्यात पडून रडायला लागतात. त्या धुमश्चक्रीत बर्नार्ड नावाचा एक असंतुष्ट गृहस्थ, आतापर्यंत बंडाच्या गप्पा मारणारा, मारामारीत उतरावं की नाही या विचारात नुसता एकदा पुढे एकदा मागे होत राहतो. साहित्यातलं माझं हे लाडकं दृश्य आहे. बंडखोरांच्या कथेत एक बर्नार्ड हवाच. तुमच्याकडे नाही. तुमच्याकडे एक शहाणा आणि बाकी सगळी मेंढरं आहेत, आणि त्यामुळे तुमचा नायक नकळत सरकारसारखाच दिसू लागलाय. तोही लोकांना मेंढरंच समजतो.

नायकाच्या हातून काय काय होऊ शकतं, हेही तपासा. आपण बंडखोरांचेच आहोत असं भासवणाऱ्या ओब्रायन या बड्या अधिकाऱ्याच्या घरी विन्स्टन शपथ घेतो: खून कराल? हो. गरज पडली तर लहान मुलाच्या तोंडावर ॲसिड फेकाल? हो. पहिल्यांदा वाचताना हे आपल्याला धाडसच वाटतं, आपण त्याच्या बाजूने असतो ना. पुढे कोठडीत तो म्हणतो, मी तुमच्यापेक्षा नैतिकदृष्ट्या वरचढ आहे. ओब्रायन वाद घालत नाही, फक्त त्या शपथेची ध्वनिफीत वाजवतो. तुमच्या मनोऱ्यात रात्रपाळीचे लोक असतील की नाही? पहिल्या खर्ड्यात नाहीत, दुसऱ्यातही नाहीत. इतका सोयीचा रिकामा मनोरा असतो कुठे?

शेवटाकडे साहेब येऊन नायकाला सगळं तत्त्वज्ञान समजावतो, तो प्रसंग या प्रकारात हटकून असतो. दस्तयेव्हस्कीच्या 1879-80 च्या ‘करमाझोव्ह बंधूं’मधल्या धर्माधिकाऱ्यापासून ही घराणेशाही चालत आलीय. तुम्हीही तो ठेवायला हरकत नाही, पण साहेबाचं म्हणणं नायकाच्या म्हणण्यापेक्षा वजनदार हवं. आणि साहेब स्वतः कधीकाळी बंडाच्या उंबरठ्यावर उभा राहून मागे फिरलेला असला, तर उत्तमच. हक्स्लेचा नियंत्रक मोंड तरुणपणी शास्त्रज्ञ होता, त्याला हद्दपारी की सत्तेतली खुर्ची असं विचारलं गेलं आणि त्याने खुर्ची घेतली. ब्रॅडबरीचा पथकप्रमुख बीटी पुस्तकं जाळतो, पण पुस्तकातली अवतरणं त्याच्या जिभेवर नाचतात. तुमच्या साहेबाचं कोण गेलं होतं? कुणाची वस्तू त्याने जमा केली नाही?

‘हंगर गेम्स’बद्दल तुम्ही पत्रात विचारलंय, की तिथे तर एकटी मुलगी सरकार पाडते, मग तिथे का हसत नाहीत? एक तर ती एकटी नाही, मागे आख्खं भूमिगत सैन्य आहे. दुसरं, पहिल्या पुस्तकात (2008) तिचं बंड म्हणजे मूठभर विषारी फळं. सरकारने भरवलेल्या त्या जीवघेण्या खेळाला एक विजेता हवाच, हा सरकारचा नियम. शेवटी उरलेले दोघं, ती आणि तिचा जोडीदार, एकदम मरायला निघाले तर विजेताच उरत नाही. तिने सरकारच्या गरजेवर बोट ठेवलं. तिसऱ्या पुस्तकात (2010) तिचा बाण पदच्युत हुकूमशहाऐवजी बंडखोरांच्याच पुढारीण बाईंवर सुटतो, त्यामुळे सरकार पडलं तरी तो सोपा विजय राहत नाही. त्या कथेतली तीन बोटांची सलामी 2014 च्या लष्करी उठावानंतर थायलंडमधल्या निदर्शकांनी रस्त्यावर उचलली, याची कारणं शोधत बसायला नको. तीन बोटं वर करायला हत्यार लागत नाही.

आता तुमच्या प्रकरण 4 कडे या. तिथे एक जागा आहे, जी तुम्ही बहुधा लक्ष न देता लिहून गेलात. भावाच्या वस्तू खात्यात येतात. घरून आलेल्या यादीत 14 वस्तू. नायक एकेक करून नोंदवहीत चढवतो. मग तुम्ही लिहिलंय की एक काडी मोडलेला चष्मा तो ‘क्षणभर हातात धरून ठेवतो’, आणि लगेच पुढच्या परिच्छेदात त्याला संताप येतो, भाषण सुरू होतं.

संताप काढा, भाषण काढा. चष्मा हातात राहू द्या. त्याने पुढची वस्तू लिहावी, आणि संध्याकाळी वही मिटताना त्याच्या लक्षात यावं की नोंदी 13 च झाल्यात आणि चष्मा आपल्या खिशात आहे. त्याला धक्का बसावा. खोडून दुरुस्ती करायची सोय त्या वहीत ठेवू नका. आता त्याला घरी जायचंय, दारावर झडती आहे, आणि आजवर ज्याने दुसऱ्यांच्या आयांकडून कंगवे नि जोडे हिसकावून घेतले, त्याला प्रथमच त्या आया आठवताहेत. मनोऱ्यापेक्षा हे अंतर लांब आहे. पुरी कादंबरी त्यात बसेल.

आणि पडताळणीला येणारा तो तपासनीस, ज्याला तुम्ही दीड पानात उरकलंय, त्याला माझ्यासाठी परत बोलवा. त्याच्या एका हातात यादी आहे, 14. दुसऱ्या हातात वही, 13. त्याने फक्त शेरा मारायचाय. तो टाक उचलतो तिथपर्यंतचं प्रकरण नव्याने लिहून पाठवा. साधारण 10 पानं होतील, आणि त्यात कुणालाही सरकारबद्दल एक शब्द बोलू देऊ नका.